सर्व्हरची रुजवात : खानदेशातील नागरी सहकारी बँकांच्या संचालकांस अनावृत पत्र

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील नागरी सहकारी बँकांचे सन्माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष व संचालक यांस,



हे पत्र कोणा एका बँकेस खाजगी रीतीने न लिहिता मी उघडपणे लिहीत आहे, याचे कारण एवढेच की, ज्या गोष्टीविषयी लिहावयाचे ती माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक लहान-मध्यम बँकांत कमी-अधिक प्रमाणात सारखीच आढळली, आणि एकीचेच नाव घेतले असता बाकीच्या साऱ्या सुटकेचा निःश्वास टाकून स्वस्थ बसतील अशी मला धास्ती वाटते. आपल्यांतील काही बँकांचा मी ठेवीदार व सभासद आहे; शिवाय नोकरीचा पूर्वार्ध सहकारी संस्थांच्या हिशेब-तपासणीत आणि उत्तरार्ध त्यांच्या संगणकांच्या तपासणीत गेल्यामुळे, जळगावच्या नवी पेठेपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत पुष्कळ बँकांच्या आतल्या, सभासदांस सहसा न दिसणाऱ्या खोल्या मला पाहावयास मिळाल्या आहेत. तेव्हा या पत्रात जे काही परखड वाटेल, ते बाहेरून खडे मारणाऱ्याचे नसून घरातल्याच माणसाचे आहे असे समजून घ्यावे.

आपल्या बँकांत एक शिरस्ता फार जुना आहे आणि तो अजून निष्ठेने पाळला जातो. दिवस संपताना रोखपाल आपली रोकड मोजतो, अधिकारी ती खतावणीशी रुजू घालतो, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांच्या खिशांत जातात, आणि दहा रुपयांचीही तफावत निघाली तर ती सापडेपर्यंत शाखेतला एकही माणूस घरी जात नाही. या शिरस्त्याला कोणी अविश्वास म्हणत नाही. रोखपाल सज्जन आहे म्हणून आज मोजणी तहकूब ठेवू, असे कोणी सुचवीतही नाही. परंतु ती खतावणी, ती शिल्लक, तो ठेवीदाराच्या नावापुढचा आकडा ज्या यंत्रात राहतो, त्या सर्व्हरची रुजवात मात्र कोणी रोज घालत नाही. तो चालू आहे ना, एवढेच पाहिले जाते. आणि चालू असणे व सुस्थितीत असणे या दोन अवस्थांत किती अंतर असू शकते, हे काउंटरवरून दिसत नाही.

सर्व्हर बसविताना त्याची एक मांडणी ठरविलेली असते. कोणती दारे, म्हणजे आयटीवाल्यांच्या भाषेत पोर्ट, उघडी ठेवावयाची व कोणती बंद. व्यवस्थापकाचे अधिकार म्हणजे ॲडमिन हक्क कोणाकोणास. पासवर्ड किती अक्षरांचा व किती चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते कुलूपबंद व्हावे. कोणत्या सेवा चालू राहाव्या. घडामोडींची नोंद, म्हणजे लॉग, कोठे व किती काळ साठवावी. कंपनीने दिलेल्या दुरुस्त्या, ज्यांस पॅच म्हणतात, त्या कितव्या दिवसापर्यंत चढवाव्या. बॅकअप कोठे जावा. यंत्राचे घड्याळ कोणत्या घड्याळाशी मिळवावे, अशा शेकडो बारीकसारीक निर्णयांची ती मांडणी असते. बसविल्या दिवशी ती बहुधा ठीकच असते. पुढे व्हेंडरचा माणूस येतो, एखादी अडचण सोडविण्यासाठी एक सेटिंग बदलतो. शाखेची लाइन बंद पडते म्हणून घाईने एक दार उघडले जाते. नवे सॉफ्टवेअर चढविताना जुने संरक्षण आड येते म्हणून ते तात्पुरते मालवले जाते. आणि या प्रत्येक बदलाला त्या त्या वेळी सबळ, प्रामाणिक कारण असते. चोराची चाहूलही नसताना, केवळ कामसू माणसांच्या उपकारक घाईमुळे, यंत्र आपल्या मंजूर स्थितीपासून तसूतसूने सरकत जाते.

एका बँकेतला प्रकार सांगतो. मॅनेजरच्या केबिनमागे प्लायवूडचा आडोसा घालून केलेली सर्व्हरची खोली. मे महिना, बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात. आत वातानुकूलन यंत्र धापा टाकीत होते आणि जुन्या लेजरांचे गठ्ठे, यूपीएसच्या बाद बॅटऱ्या व शताब्दी की सुवर्णमहोत्सव अशा कोणत्याशा समारंभाचा गुंडाळलेला फलक, असे सगळे एकाच खोलीत नांदत होते. फायरवॉलच्या नियमांची यादी पडद्यावर घेतली, तेव्हा तिच्या अगदी माथ्यावर ‘टेम्प’ नावाचा एक नियम दिसला. त्याचा अर्थ असा की, कोठूनही कोणीही यावे व कोठेही जावे. खालचे सारे काटेकोर नियम या एका नियमाने निरर्थक करून टाकले होते, कारण फायरवॉल यादी वरून वाचीत येते आणि जुळणारा पहिला नियम सापडला की पुढे वाचण्याची तसदी घेत नाही. तो नियम घातला त्याला तीन दिवाळ्या उलटून गेल्या होत्या. चौकशी केली असता कळले की, एका शाखेची जोडणी रात्री तुटली होती, सकाळी आठवडेबाजाराची गर्दी येणार होती, आणि व्हेंडरच्या इंजिनिअरने पुण्याहून, रात्री उशिरा, हे दार उघडून ती शाखा वेळेवर सुरू करून दिली होती. व्यवस्थापकांनी दुसऱ्या दिवशी त्याचे आभारही मानले होते. पुढे तो इंजिनिअर नोकरी सोडून गेला; त्याच्या नावाचे ॲडमिन खाते मात्र सर्व्हरवर हयात होते. त्याच सर्व्हरचे घड्याळ अकरा मिनिटे मागे चालत होते, त्यामुळे एटीएमचा वाद आला की यंत्राची नोंद व सर्व्हरची नोंद कधी मिळत नसे, आणि बिचारा कारकून ग्राहकालाच खोटे ठरवी.

या बँकेपाशी प्रणाली-तपासणीचे प्रमाणपत्र होते, व ते बनावट नव्हते. तपासनीस वर्षातून एकदा आला, त्याने नमुन्यादाखल काही यंत्रे पाहिली, त्या दिवशी जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहिले. मी स्वतः या व्यवसायात असल्यामुळे सांगण्यास संकोच वाटत नाही की, आमच्या येण्याची तारीख महिनाभर आधी ठरते, आणि त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बँकेत जेवढे पॅच चढतात, जेवढे पासवर्ड बदलतात व जेवढी मृत खाती पुसली जातात, तेवढी उरलेल्या वर्षात सहसा होत नाहीत. तपासनीस निघून गेला की दुसऱ्या दिवसापासून यंत्र पुन्हा सरकू लागते. म्हणजे ते प्रमाणपत्र वर्षाचे म्हणून मानले जाते, परंतु त्यातील विधान एका दिवसापुरतेच खरे असते. आणि ज्यास आत शिरावयाचे आहे तो त्या दिवसाची निवड करीत नाही.

यावरचा उपाय काही अगम्य नाही, किंबहुना तो पुरेसा जुना झालेला आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जीन किम या विद्यार्थ्याने प्राध्यापक यूजीन स्पॅफर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली १९९२ साली ‘ट्रिपवायर’ नावाचा एक लहानसा कार्यक्रम तयार केला. त्याचे काम असे की, सर्व्हर निर्मळ असताना त्यावरील महत्त्वाच्या प्रत्येक फाईलचा गणिती रीतीने काढलेला एक ठरावीक लांबीचा गोषवारा दप्तरी ठेवावयाचा, आणि पुढे दररोज तोच गोषवारा पुन्हा काढून जुन्याशी ताडून पाहावयाचा. फाईलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी गोषवारा समूळ वेगळा येतो, आणि बदल लपविता येत नाही. आज हीच कल्पना पुष्कळ विस्तारली आहे. कोणत्या प्रकारच्या सर्व्हरची सुरक्षित मांडणी कशी असावी, याच्या तपशीलवार याद्या ‘सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटी’ ही संस्था प्रसिद्ध करते. विंडोज सर्व्हरची यादी निराळी, लिनक्सची निराळी, डेटाबेसची निराळी. त्या वाचावयास पैसे पडत नाहीत. त्या यादीबरहुकूम प्रत्येक यंत्राची रोज आपोआप तपासणी करणारी ‘वाझू’ अथवा ‘ओपनस्कॅप’ यांसारखी मुक्त सॉफ्टवेअरेही मूल्याविना मिळतात. रात्री दोन वाजता असे सॉफ्टवेअर प्रत्येक यंत्रास प्रश्न विचारते, मंजूर उत्तरांशी मिळालेली उत्तरे ताडते, आणि सकाळी तफावतींची फर्द हजर करते. ‘टेम्प’ नियम ज्या रात्री घातला गेला, तिच्या दुसऱ्या सकाळी तो त्या फर्दीवर पहिल्या ओळीत आला असता, आणि शाखेचे कामही झाले असते व संध्याकाळपर्यंत दारही बंद झाले असते.

आपण म्हणाल की, लहान बँकेच्या वाटेला कोण जातो? या प्रश्नाचे उत्तर ३१ जुलै २०२४ रोजी मिळाले आहे. टाटा कन्सल्टन्सी व स्टेट बँक यांनी मिळून काढलेली ‘सी-एज’ ही कंपनी मुख्यतः सहकारी व ग्रामीण बँकांस तंत्रसेवा पुरविते. तिच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले, आणि देशातील सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार खोळंबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली, म्हणून ही घटना वर्तमानपत्रांतून लौकर ओसरली. तथापि तिचे मूळ कोठे होते ते विसरण्याजोगे नाही. ‘क्लाउडसेक’ या सुरक्षा-संस्थेने केलेल्या विश्लेषणानुसार हल्ल्याची साखळी सी-एजच्या मुख्य यंत्रापासून सुरूच झाली नव्हती. तिच्याशी संलग्न अशा दुसऱ्याच एका कंपनीचा, जेन्किन्स नावाचे सॉफ्टवेअर चालविणारा एक सर्व्हर चुकीच्या मांडणीत उघडा राहिला होता, तेथून ती सुरू झाली. जेन्किन्समधील ज्या दोषाचा उपयोग झाला, त्याने परक्या माणसास सर्व्हरवरील फाईल परस्पर वाचता येत असे, आणि त्यावरची दुरुस्ती त्याच वर्षीच्या जानेवारीत जाहीर झालेली होती. जानेवारी ते जुलै एवढा अवकाश मिळाला होता. या तीनशे बँकांपैकी कोणाच्याही संचालकाने त्या सर्व्हरचे नावही ऐकलेले असण्याचे कारण नव्हते, आणि तरी त्यांच्या दारातले ग्राहक परत गेले.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण आपणांस अधिक परिचयाचे आहे, कारण ती १९०६ साली स्थापन झालेली, आपल्याच चळवळीतली मोठी बँक. ११ ऑगस्ट २०१८ या शनिवारी, जगातील २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी काही तासांत सुमारे ८० कोटी रुपये काढले गेले, आणि सोमवारी, १३ तारखेस, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेशजाळ्यामार्गे हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये गेले. एकूण हानी सुमारे ९४ कोटी. यातील हातचलाखी अशी की, कार्डाने पैसे मागितले असता ‘खात्यात शिल्लक आहे काय’ हा प्रश्न एटीएम स्विचने कोअर बँकिंगला विचारावयाचा असतो. चोरांनी स्वतःचा पर्यायी स्विच मध्ये घातला, व तो कोणास न विचारता प्रत्येक मागणीस होकार देत राहिला. प्रश्नाचा रस्ताच वळविला गेला होता. रस्ता वळविणे म्हणजे मांडणीतील फेरफार, आणि असा फेरफार रोजच्या ताडणीत उमटण्याची शक्यता पुष्कळ असते. ताडणी असती तर एक रुपयाही गेला नसता असे छातीठोक विधान मी करणार नाही. पहारा ठेवणारे सॉफ्टवेअरही चोर आधी मालवू पाहतात. पण शनिवारच्या त्या तासांपूर्वी यंत्रात बरेच दिवस वावर झाल्याखेरीज असले काम साधत नाही, आणि वावरणाऱ्याच्या पाऊलखुणा पाहावयास कोणीतरी रोज खाली वाकले पाहिजे.

कॉसमॉसच्या घटनेनंतर दोनच महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली, आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी तिला चार श्रेणींचे रूप दिले. साधी कोअर बँकिंग चालविणारी बँक पहिल्या श्रेणीत. इंटरनेट वा मोबाइल बँकिंग देणारी वरच्या श्रेणीत. स्वतःचा एटीएम स्विच, स्विफ्ट अथवा इतरांस सेवा देणारे डेटा सेंटर असणारी त्याहून वर. ही परिपत्रके मी काळजीपूर्वक वाचली आहेत आणि त्यांत नावे ठेवण्याजोगे फारसे सापडत नाही. यंत्रांची यादी ठेवा, मूळ पासवर्ड बदला, फायरवॉलची मांडणी कडक ठेवा व महत्त्वाच्या उपकरणांच्या मांडणीचे वेळोवेळी मूल्यमापन करा, हे सर्व पहिल्या श्रेणीच्या बँकेसही लागू आहे. मात्र मूल्यमापन किती दिवसांनी करावयाचे व त्याचा अहवाल कोणी वाचावयाचा, हे लहान बँकेने स्वतः ठरवावयाचे आहे. आणि ठरविण्याचा अधिकार हाती आला की आपण तो वर्षातून एकदाच वापरतो. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत सायबर घटनेची वर्दी सहा तासांच्या आत देण्याचे, लॉग १८० दिवस जतन करण्याचे आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या घड्याळांशी मिळविण्याचे बंधन घातले आहे. जेथे लॉग तिसऱ्या आठवड्यात स्वतःवरच पुन्हा लिहिला जातो, तेथे सहा तासांत वर्दी काय द्यावयाची?

आता अडचणींविषयी. पहिली अडचण संचालक बहुधा अभिमानाने सांगतात: आमचा सर्व्हर आमच्याकडे नाहीच, तो मुंबईच्या किंवा पुण्याच्या डेटा सेंटरात व्हेंडरकडे आहे. माल दुसऱ्याच्या गुदामात ठेवला म्हणून मालकी संपत नाही, हे कापसाचा व डाळीचा व्यापार जाणणाऱ्या आपल्यासारख्यांस मी सांगावे असे नाही. करार काढून पाहा. सर्व्हरच्या मांडणीचा दैनिक किंवा निदान साप्ताहिक अहवाल मागण्याचा बँकेस हक्क आहे काय? बदल करण्यापूर्वी बँकेची लेखी मंजुरी लागते काय? व्हेंडरने पुढे काम दुसऱ्या कंपनीस सोपविले असेल तर तिचे नाव बँकेस ठाऊक आहे काय? मी पाहिलेल्या काही करारांत यंत्र वर्षात किती टक्के वेळ चालू राहील याची हमी होती, विलंबाचा दंड होता, कामकाजाचे न्यायक्षेत्र कोणते तेही होते. आणि यंत्र कोणत्या स्थितीत चालू राहील याविषयी एक ओळ नव्हती. करारावर सह्या आपल्याच असतात.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म असून तीत जाणते लोकही फसतात. जेथे अशी ताडणी सुरू झाली आहे तेथे तिचा निकाल टक्केवारीत संचालक मंडळापुढे येतो: ‘अनुपालन ९२ टक्के’. शाळेतल्या गुणपत्रिकेची सवय असलेले आपण समाधानाने मान डोलावतो आणि पुढचा विषय घेतो. परंतु या हिशेबात पासवर्ड बारा अक्षरांऐवजी अकरा अक्षरांचा असणे आणि डेटाबेसचे दार थेट इंटरनेटवर उघडे असणे, या दोन्ही तफावती बहुधा एकेकच मोजल्या जातात. उरलेल्या आठ टक्क्यांत काय आहे, हे न विचारता ९२ हा आकडा ऐकणे म्हणजे काहीच न ऐकणे होय. याच्या उलट टोकाचीही एक विपत्ती आहे: पहिल्या रात्रीची फर्द शेकडो ओळींची निघते, आयटी अधिकारी घाबरतो, आणि आठवड्याभरात तो ती वाचणेच सोडून देतो. त्यातील पुष्कळशा ओळी निरुपद्रवी असतात. काही तर अशा असतात की यादीबरहुकूम सेटिंग केले तर जुने सॉफ्टवेअर बंद पडावे. अशांसाठी अपवादांची एक वही असावी, आणि तीत प्रत्येक अपवादापुढे कारण, मंजुरी देणाऱ्याची सही व मुदत संपण्याची तारीख असावी. ‘टेम्प’ नावाचा नियम जगातल्या कोणत्याही बँकेत कधीतरी घालावाच लागणार. त्याला मुदत नसणे हा अपराध आहे. मंडळापुढे टक्केवारी न येता ही अपवादांची वही व आदल्या महिन्यातील विनामंजुरी फेरफारांची नोंद यावी, आणि ती ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या सदरात न येता कर्ज-मंजुरीच्या आधी यावी.

तिसरी अडचण माणसाची, आणि ती खरी आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळाले तरी ते चालविणारा, त्याची फर्द समजणारा, आणि व्हेंडरच्या इंजिनिअरला ‘हे दार का उघडले’ असे विचारण्याइतका जाणकार व निर्भीड माणूस फुकट मिळत नाही, आणि पाच-सात शाखांच्या बँकेस तो एकटीने परवडत नाही. येथे मला आपल्याच पांझरा नदीची आठवण होते. पांझरा, मोसम आदी नद्यांवरील बंधाऱ्यांच्या आधाराने धुळे-नाशिक भागात जी फडपद्धती शतकानुशतके चालत आली, तीत बंधारा सर्वांचा, कालवा सर्वांचा, आणि पाणी वाटून देणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या व त्यांवर देखरेख करणारा हवालदार हे सर्व शेतकऱ्यांनी मिळून नेमलेले व मिळून पोसलेले असत. दोन बिघ्यांच्या धन्याने स्वतंत्र पाटकरी ठेवावा असे कोणी म्हटले नाही. आणि बंधारा बांधणाऱ्या गवंड्यावरच चाऱ्या तपासण्याचे काम सोपवून घरी झोपण्याचा भोळेपणाही कोणी केला नाही. तपासणारा हा पाणी पिणाऱ्यांचा नोकर होता, ही त्या व्यवस्थेतील मर्माची गोष्ट.

दोन्ही जिल्ह्यांतील बँकांनी मिळून असे एक लहानसे तपासणी पथक ठेवण्यास कायद्याची कोणती आडकाठी आहे? माझ्या समजुतीप्रमाणे एकही नाही. आडकाठी असलीच तर ती शेजारच्या बँकेस आपल्या घरातले दिसेल या मानी संकोचाची आहे, आणि तिची तजवीज गोपनीयतेच्या चांगल्या करारनाम्याने होऊ शकते. नागरी सहकारी बँकांसाठी जी शिखर संस्था केंद्रात २ मार्च २०२४ रोजी सुरू झाली, तिच्या उद्दिष्टांत लहान बँकांस सामायिक तंत्रसेवा पुरविणे हे आहेच. तिकडेही मागणी करावी, पण दिल्लीहून गाडी येईपर्यंत फलाटावर बसून राहू नये. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आपल्या दारात आहे, जळगाव-धुळे-शिरपूरला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि त्यांतून दरवर्षी बाहेर पडणारी हुशार मुले-मुली हिंजवडीच्या बसमध्ये बसून परमुलखातील बँकांच्या सर्व्हरांवर रात्रीचा पहारा देतात. त्यांतील चार-पाच जणांस जळगावात बरा पगार व मानाची जागा देणे हे पाच-सहा बँकांच्या एकत्रित ऐपतीबाहेरचे आहे, असे मला वाटत नाही. नव्या शाखेच्या दर्शनी भागाला लागणाऱ्या ग्रॅनाइटचा खर्च आपण ज्या सहजतेने मंजूर करतो, ती पाहता तर मुळीच वाटत नाही.

जाता जाता एक लहान विचारणा करून ठेवतो, कारण ती अगदी ताजी आहे. रिझर्व्ह बँकेच्या २२ एप्रिल २०२५ च्या आदेशानुसार सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली न्यावयाची होती. नव्या नावाच्या जाहिराती आपण दिल्या, त्या मी वाचल्या. जुने संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर होते, तो सर्व्हर त्यानंतर बंद केला काय, की तो कोणाच्या यादीत नसलेला, पॅच न मिळणारा, परंतु आतल्या जाळ्याशी अजून जोडलेला असा कोठेतरी चालूच आहे? ज्या यंत्राची यादीत नोंदच नाही त्याची मांडणी कोणतेही सॉफ्टवेअर ताडून पाहू शकत नाही. म्हणून पथक नेमण्याच्याही आधीचे काम यंत्रांची खरी मोजदाद हे आहे, आणि त्याला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

आपल्या जिल्ह्यांतील सामान्य माणसाने पतसंस्थांचे दरवाजे एका रात्रीत बंद झालेले पाहिले आहेत, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या ठेवीसाठी वर्षानुवर्षे खेटे घातले आहेत. त्याउपर तो आपल्या बँकांत पैसे ठेवतो, हे आपल्या कारभाराचे श्रेय आहे आणि मी ते हातचे राखून देत नाही. त्या ठेवीदारास फायरवॉल म्हणजे काय ते कळत नाही व कळण्याची गरजही नाही. त्याच्या वतीने ते कळून घेण्यासाठी सभासदांनी आपणांस निवडून दिले आहे.

सहकार कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरपर्यंत आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतील. ज्या बँकांचा मी सभासद आहे, त्यांच्या सभांसाठी मी पुढील प्रश्न मुदतीत लेखी देणार आहे, आणि इतर सभासदांनी आपापल्या बँकेस तो जसाच्या तसा विचारण्यास माझी हरकत नाही: गेल्या आर्थिक वर्षात बँकेच्या व तिच्या व्हेंडरांच्या ताब्यातील एकूण किती सर्व्हरांची मांडणी मंजूर मांडणीशी ताडून पाहिली, किती दिवसांच्या अंतराने पाहिली, विनामंजुरी फेरफार किती सापडले, आणि त्यांतील सर्वांत जुना किती दिवस तसाच राहिला होता? ‘बँकेची सायबर सुरक्षा उत्तम आहे’ हे त्याचे उत्तर समजले जाणार नाही. आकडे हाताशी नसतील तर सभेनंतर लेखी द्यावेत. तोपर्यंत थांबण्याची माझी तयारी आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक सभासद व ठेवीदार,
जळगाव